गोमाजीची खांड

फार मागची गोष्ट. आपली भातशेतं आणि खाडी यांच्यामध्ये एक मातीचा बांध तेवढा होता. तो फुटून खारं पाणी आत शिरलं, की वर्षानुवर्षं भाताचा दाणा दिसत नसे.

आणि माणसांची अक्कल बघा! बांधावर कुणी बोलायचं नाही, असा दंडक. माणसाचा आवाज ऐकला की खाडी आत येते, असं म्हणत. मुकादमानं खूण करायची, बाकीच्यांनी मुकाट चिखल टाकायचा. कुणाला भेग दिसली तरी मिठाची गुळणी! अशीच एक भेग पाहून लोक गप्प राहिले, बांध फुटला आणि गोमाजीचा सख्खा भाऊ वाहून गेला. पुढे मुकादमकी गोमाजीकडे आली.

आषाढातल्या अवसेला भर दुपारी अंधारून आलं, उधाण चढलं आणि बांधाला खांड पडली. पाणी शेतात घुसायला लागलं. चिखलाच्या पाट्या टाकाव्यात तर टाकल्या तशा वाहून जात. खांड रुंदावत होती. सगळी माणसं गोमाजीच्या हाताकडे बघत होती आणि तो हात खूण करायला उठत नव्हता. भाऊ गेला तेव्हाही पाण्याचा असाच आवाज येत होता.

शेवटी तो ओरडला, "मला उमजत नाय! कुणाला काय सुचत असेल तर बोला!"

बापरे! मुकादमच बांधावर बोलला! खाडी ऐकतेय ना! असं म्हणतात, की पाणी त्या क्षणी बांधाच्या वर उंच झालं आणि आत डोकावून बघायला लागलं.

हाशा नावाचा एक गडी म्हणाला, "पेंढा टाकू." पेंढ्याचे भारे टाकले. पाण्यानं गिळले. लोक हाशाच्या अंगावर धावून गेले. गोमाजी मध्ये पडला. "याच्यामुळं एक गोष्ट तरी कळली. आता पुढचं कोण बोलतंय?"

 मग नुकतीच लग्न होऊन आलेली चांगुणा रडवेली होऊन म्हणाली, "मुकादमबाबा, माझ्या माहेरी होडीला भोक पडलं तर बाहेरून बुजवतात. पाणीच बूच दाबून धरतं. आपण शेताकडून भरतोय. खाडीकडून आडवी होडी लावली तर?"

"अगं, एवढी मोठी होडी आहे कुणाची?" सासू खेकसली.

होती ती गोमाजीचीच, आणि त्याचं घर तिच्यावरच चालायचं. तो भीतीनं पांढराफटक पडला होता, तरी होडीत चढला आणि खाडीकडून खांडीवर सुटला. होडी आडवी झाली, करकरली आणि घट्ट बसली. खाडीनंच आपल्या जोरानं आपली वाट बंद केली! मग आतून चिखल पडला, होडी कायमची बांधात गेली, माणसं ओरडून ओरडून एकमेकांना सांगत होती, आणि वर आलेलं पाणी कुरकुरत मागं सरलं, असं म्हणतात.

गोमाजीला बांधात पुरला, असं सांगणारे आहेत. खोटं! म्हातारा होऊन घरीच गेला. जन्मभर उधाणाला घाबरायचा.

आजही बांधाच्या डागडुजीला मुकादम आधी गावातल्या सर्वांत नव्या सुनेला विचारतो, "बोल बाय, काय करू या?" ती जे सांगेल ते एकदा करून बघतात. मागं एकीनं बांधावर निवडुंग लावायला सांगितलं. लावला, आणि पहिल्याच भरतीला वाहून गेला. पोर खाली मान घालून उभी राहिली. तेव्हा अख्खा बांध एका सुरात म्हणाला, "जाऊ दे बाय, गोमाजीच्या नावानं गेला! एक गोष्ट तरी कळली. दुसरं सांग."