तिसरा शंख कोणी फुंकला?

"फुंकलास तर तू मर्द, नायतर तू शंख!" असं गुणा रवळूला म्हणाला आणि रवळू म्हणाला, "बरं." एवढ्यावरून सगळं झालं.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सरांचे सरसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते. आडबंदर गाव मात्र तेव्हाही असंच होतं. खाली पुळणीवर, वाळूत घरं, वर सडा, म्हणजे उघडा कातळ. सड्यावर वेताळाचं देऊळ आणि देवळात खुंटीला टांगलेला एक शंख, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा. वादळ दिसलं की तो फुंकायचा आणि सगळ्यांनी वर पळायचं, असा नियम. आणि वादळ नसताना जो फुंकेल, त्याचा श्वास वेताळ परत देत नाही, असं म्हणतात.

रवळू म्हणजे गावाला ताप. याचं जाळं त्याच्या होडीला बांध, कोंबड्या माडावर चढव, असले धंदे. पण जीव होता तो एकाच माणसात, धाकट्या बहिणीत, येसूत. आईबाप दोघांनाही नव्हते आणि येसूचे पाय लहानपणीच वाळलेले. रवळू तिला पाठुंगळी घेऊन गावभर फिरायचा. त्या दिवशी मात्र तिला दारात बसवून तो गुणाबरोबर वर गेला.

लख्ख ऊन होतं. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा गप्प. रवळूने देवाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि फुंकला.

असा आवाज झाला की सड्यावर चरणारी गुरं मटकन खाली बसली, असं म्हणतात. खाली तर गाव फुटलंच. एक जण कोंबडी काखेत मारून पळतोय, एकीने डोक्यावर पाटा घेतलाय, बाप्ये सगळे होड्यांकडे. वर यायच्या पाखाडीवर, दगडी पायऱ्यांवर, करवंदीचं रान माजलेलं, तिथे माणसं अडकून एकमेकांवर पडली. गुणा आणि रवळू पोट धरधरून हसत होते.

मग रवळूचं हसू गेलं.

येसू दारातच होती. "माका उचला रे! कोणतरी उचला!" ओरडत होती आणि लोक तिला ओलांडून पळत होते. वाईट कोणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा उचलेल.

वादळ काही आलं नाही. गावात भागाकाकीचा शब्द चालायचा. तिने सगळ्यांना उभं करून विचारलं, "कोणी फुंकला?" गुणा जमिनीकडे बघत राहिला. रवळूने तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. घेतला वेताळाने श्वास, असं वाटून त्याला दरदरून घाम फुटला.

"कोणीच नाय?" काकी म्हणाली. "मग देवानेच फुंकला. म्हणजे येतला वादळ."

गाव घाबरून कामाला लागलं. करवंदी तोडली, देवळाचा मांडव शाकारला, होड्यांना जाड दोर आले. येसूला कोण उचलणार? "रवळू आहे की!" आणि रवळू समुद्रावर असला तर? तोवर सगळे आपापल्या होड्यांकडे वळले होते.

थोडे दिवस गेले आणि सगळे सैलावले. पाखाडीवर परत जाळी वाळायला पडली. रवळूच्या कानात मात्र येसूची ती हाक बसली होती. एका दुपारी तो पुन्हा वर गेला. या वेळी पैज नव्हती. आधी वेताळाला हात जोडले, मग फुंकला.

परत देवानेच फुंकला असं समजून लोक भराभर आले. पण येसूला शेजारच्या तुकाने निम्म्या पाखाडीवर ठेवलं आणि तो होडी बघायला परत गेला. काकी त्याच्यावर कडाडली, "मेल्या, होडी लाकडाची होयत दुसरी. पोरगी कशाची करशील?" त्या दिवशी नावं ठरली. ज्याला चालता येत नाही त्याला दोन माणसं. एक नसला तर दुसरा.

आणि मग ती सकाळ आली. आभाळ पिवळं पडलं. एक कावळा दिसेना. समुद्र मागे सरला, इतका, की आज्यापणज्याने न बघितलेले काळे खडक उघडे पडले. रवळू घरात येसूला पेज देत होता.

आणि वर शंख वाजला.

रवळूच्या हातून वाटी पडली. येसू त्याच्याकडे बघत म्हणाली, "दादा, तू तर हय असंस. मगे वर कोण?"

तिला पहिल्यापासून माहीत होतं.

त्याने तिला पाठीवर टाकलं. बाहेर तुका आधीच दारात उभा होता, होडीकडे न बघता. वाट मोकळी होती, सगळं गाव एका दमात वर पोचलं. मागे वळून बघितलं तर घरांच्या जागी पाणी होतं आणि पाण्यावर माड गवतासारखे आडवे पडत होते. काकीने माणसं मोजली. एकसुद्धा कमी नव्हतं. शंख आपल्या खुंटीला होता आणि त्यातून खारं पाणी गळत होतं, असं म्हणतात.

रवळू येसूला खाली ठेवून उभा राहिला. "काकी, आधीचे दोन मी फुंकले."

कोणी त्याला मारलं नाही. काकीने हळूच विचारलं, "आणि आजचा?"

"आजचा मी नाय."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. शंख वाजला तेव्हा गाव तर सगळं खाली होतं. मांडवाबाहेर वारा किंचाळत होता आणि आत कोणी 'मी' म्हणेना.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याआधी एकाच्या कानात सांगतात, या वर्षी तू. कोण, कधी, ते दुसऱ्याला कळत नाही. शंख झाला की हातातलं टाकायचं, ठरलेलं माणूस उचलायचं आणि पळायचं. शाळासुद्धा पळते, गणिताच्या तासाला झाला तर अजूनच जोरात. बाकी जगात शंख म्हणजे मूर्ख. आमच्याकडे कोणाला शंख म्हटलं तर तो कॉलर ताठ करतो.

वर पोचलं की गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस विचारतं, "रवळू कोण?" ज्याने फुंकला त्याने हात वर करायचा. आणि कोणीच हात वर केला नाही, तर त्या दिवशी खाली उतरायचं नाही.

या वर्षी आबूआजोबांनी विचारलं, "रवळू कोण?"

एकही हात वर गेला नाही. त्यांनी परत विचारलं. एका बाईने पोराला छातीशी आवळलं. सगळ्यांच्या माना आपोआप समुद्राकडे वळल्या. तिकडे आभाळ जरा पिवळं होतं, की मलाच तसं दिसलं, कोण जाणे. अजून थोडी गंमत करायची होती, पण माझा हात कधी वर गेला, कळलंच नाही.

"मी," मी ओरडलो. "मी रवळू! मीच फुंकला!"