कारल्याचा नेम

माझं ताट घासून झालं तरी मांडणीवर न जाता खिडकीतच राहायचं, हे मला पहिल्यांदा खटकलं. सासर शाकाहारी म्हणून लग्न ठरतानाच मी मासे सोडले होते, तरी सासरे मला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हते. आणि मला तर आईच्या बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ झोपेतही दरवळायचं.

चातुर्मास लागला, तेव्हा पहिल्या दिवसाचा नैवेद्य मी करते म्हणाले होते. चार महिने आवडीचा एक पदार्थ सोडायचा, हा त्यांच्याकडचा नेम. पाहुण्यांसमोर मामंजींनी जाहीर केलं, "यंदा मी कारलं सोडलं!"

आतून सासूबाई पुटपुटल्या, "एरवी तरी कुठे खाता?"

ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, मासे आठवतात ना अजून? खरं सांग."

मी दचकले. "रोज आठवतात, मामंजी."

"ऐकलंत? आणि हिला नैवेद्य करायचाय!"

"पण मामंजी, नेम आवडीचं सोडण्याचा ना? तुम्ही नावडतं कारलं चार महिने सोडलंत. मी जिवापाड आवडणारे मासे जन्मभरासाठी सोडले. मग या घरात नेम कोण पाळतंय?"

पाहुणे खो-खो हसले. मामंजी उगाच चष्मा पुसू लागले.

मी उंबऱ्याशी जाऊन भीतभीत हाक मारली, "आई, आत येऊ?" रोज यावर नुसती भांडी वाजायची.

"ये गं," सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्याची खीर तूच ढवळ."