चाळीस घागरी आणि एक ‘ठेव’

डोंगरापलीकडे, तळ्याच्या काठी एक गाव होतं. तिथली सगळी घरं लाकडाची. त्या गावात एक मास्तरीणबाई राहायची. शहरात शिकून आलेली, हुशार, पण भारी घाबरट. मांजराने उडी मारली तरी ती दचकायची. शाळेची घंटा ती स्वतःच वाजवायची, आणि तरी ती वाजली की तिच्याच छातीत धस्स व्हायचं.

ती एका म्हाताऱ्या विणकराच्या माडीवर भाड्याने राहत होती. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. आबांचा माग खालच्या खोलीत होता आणि मागाच्या दोऱ्या वरच्या जाड तुळईला बांधलेल्या होत्या. त्याच तुळईवर बाईच्या झोपायच्या खोलीची जमीन होती. बाई वर चालू लागली की खाली आबांना कळे. आबा विणू लागले की वर बाईच्या तळपायांना खटखट जाणवे.

एकदा जत्रेत बाईने काचेची एक भलीमोठी पेटी पाहिली. खाटेएवढी लांब, कमरेएवढी उंच. आत पाणी, पाण्यात लाल-काळे मासे. ती तिच्यासमोर उभी राहिली आणि किती वेळ गेला तिला कळलंच नाही. त्या सगळ्या वेळात ती एकदाही दचकली नव्हती. मागे कुणी ढोल वाजवत होतं, तरीसुद्धा.

‘हे माझ्या खोलीत हवं,’ तिने ठरवलं. ‘अगदी खाटेशेजारी.’

पण माडीची जमीन ते पेलेल का? हा प्रश्न तिला पडला, नाही असं नाही. म्हणून ती गावच्या सुतारकाकांकडे गेली.

“काका, आबांच्या माडीवर एक पेटी ठेवली तर चालेल का हो?”

सुतारकाका रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. “कसली पेटी?”

“काचेची.”

“केवढी?”

“माझ्याहून जराशी लांब.”

“न्यायला माणसं किती लागतील?”

“दोन पुरतील.”

“मग काय विचारताय बाई! दोन माणसं उचलतील ती पेटी, आणि एवढी सागाची तुळई उचलणार नाही? न्या बिनधास्त.”

‘काका, ती पाण्याने भरायची आहे,’ हे वाक्य बाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काका ‘नको’ म्हणाले तर? तिने ते वाक्य गिळलं, आणि घाईघाईने घरी आली.

गावात एक रीत होती. माडीवर काही जड न्यायचं तर खाली राहणाऱ्याने आधी तुळईला हात लावायचा. वस्तू वर टेकली की तुळई हाताला काय सांगते ते बघायचं आणि मग ‘ठेव’ म्हणायचं. तो ‘ठेव’ म्हणेपर्यंत वरच्याने वस्तू सोडायची नाही.

पेटी आली. दोन हमालांनी ती रिकामीच वर नेली. खाली आबांनी स्टुलावर चढून तुळईला तळवा लावला, डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाले, “काही नाही गं, पोरी. ठेव.”

आणि बाईने पेटी ठेवली.

मग ती घागरी वाहू लागली. रोज दहा. आबांचा माग चालू असला की तिची पावलं ऐकू जात नसत, तेव्हाच ती मागच्या जिन्याने वर जाई. तिसऱ्या दिवशी आबा जिन्याशी भेटलेच.

“एवढं पाणी कशाला गं?”

“केस धुतेय, आबा.”

आबांनी तिच्या बोटभर वेणीकडे पाहिलं. “एवढ्या केसांना एवढं पाणी?”

ती खोटंखोटं हसली आणि वर पळाली. चार दिवसांत चाळीस घागरी झाल्या. शाळेत मुलांना वजनं-मापं तीच शिकवायची. चार घागरी पाणी म्हणजे एक मोठा माणूस, हे तिने फळ्यावर कितीदा लिहिलं होतं. पण हे गणित मात्र तिने केलं नाही. मुद्दामच केलं नाही.

मासे आले. किती सुंदर दिसायचे! आठ दिवस बाई गाढ झोपली. नवव्या दिवशी सकाळी ती पेटीसमोर बसली आणि तिला काहीतरी वेगळं दिसलं. पाणी एका टोकाला काचेच्या काठापासून चार बोटं खाली होतं, दुसऱ्या टोकाला तीनच बोटं.

पाणी तर कधी तिरकं उभं राहत नाही. मग तिरकं काय झालं होतं?

बाईला उत्तर माहीत होतं. तिने पेटीवर एक चादर टाकली.

तिकडे खाली आबांचं काही बिनसलं होतं. पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिचं लुगडं आबांच्या मागावर होतं. लाल काठाचं, पांढरं. पण तो काठ सरळ येईना. आबा उसवत, पुन्हा विणत, काठ पुन्हा वाकडा. त्यांनी दोऱ्या तपासल्या, धोटा बदलला, चष्मा पुसला. वर बघायचं मात्र त्यांना सुचलं नाही. वर बघायचं कारणच काय? त्यांनी स्वतः हात लावून ‘ठेव’ म्हटलं होतं.

एका दुपारी माग थांबला. वर बाईच्या तळपायांना खटखट लागेना, तशी ती दचकली. एवढ्यात खालून हाक आली, “पोरी, कागद घेऊन ये. एक चिठ्ठी लिहून दे.”

ती गेली. आबा मागाशी बसले होते, तुळईच्या बरोब्बर खाली. त्यांचं डोकं जिथे होतं, त्याच्या वर तिची पेटी होती. हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

“लिही,” आबा म्हणाले. “पाटीलबुवांना नमस्कार. लुगडं माझ्याने होणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या. माझे हात गेले.”

बाईची लेखणी थांबली.

“थांबलीस का? लिही ना. साठ वर्षं विणलं, आता काठ सरळ येत नाही. ह्याला हात जाणं नाही तर काय म्हणतात? उद्या माग उतरवून टाकतो. आणि हे बघ, गावात आधीच बोलू नकोस कुठे. लाज वाटते गं.”

तिने लिहिलं. हो, लिहिलं. खाली मान घालून, शाळेतल्या सुंदर अक्षरात, शेवटच्या शब्दापर्यंत लिहिलं.

“आता वाचून दाखव. मग सही करतो.”

ती वाचू लागली. “पाटीलबुवांना नमस्कार. लुगडं माझ्याने होणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या. माझे…”

पुढे तिला वाचवेना. आबांना वाटत असलेली लाज तर तिची होती. ती आबांच्या नावावर लिहून, वर तीच वाचून दाखवत होती!

“आबा,” ती म्हणाली, “तुमचे हात कुठेही गेले नाहीत. पेटीत पाणी आहे. चाळीस घागरी. आधीपासून भरायचंच होतं. मी काकांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. तुळई वाकलीय. मला पाच दिवसांपासून ठाऊक आहे.”

आबा सावकाश उठले, स्टुलावर चढले आणि तुळईला तळवा लावला. हात बराच वेळ तिथेच होता.

“मी कशाला ‘ठेव’ म्हटलं होतं?” त्यांनी विचारलं.

“रिकाम्या पेटीला.”

“मग भरलेलीला कोण म्हणालं?”

बाईने हातातली चिठ्ठी दुमडली.

“केस धुतेय म्हणालीस.”

“हो, आबा.”

“आणि मी इथे खाली बसत होतो.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याची तिला सवय होती, ती दचकली असती आणि सुटली असती.

बाईने निरोप धाडला तसे सुतारकाका धावत आले. त्यांनी आधी आबांना बाहेर काढलं, मग तुळई पाहिली. तिला केसाएवढी चीर गेली होती. “बाई, दहा माणसं तुमच्या खाटेशेजारी उभी केलीत तुम्ही! लग्नात माडीवर पंचवीस माणसं नाचतात नि निघून जातात. ही दहा जातच नाहीत, दिवसरात्र एकाच तुळईवर!” त्यांनी तुळईखाली दोन टेकू दिले आणि म्हणाले, “आता सगळं पाणी खाली.”

मासे रांजणात गेले. शेजारणी जिन्यावर रांगेने उभ्या राहिल्या आणि घागरी हातोहात खाली येऊ लागल्या. जी नवीन येई ती विचारी, “अगंबाई, एवढं पाणी कसलं?” आणि दर वेळी बाईला पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. विसाव्या घागरीला पाटलीणबाई आल्या. बाईने तोंड उघडलं, पण अंगणातून आबाच म्हणाले,

“केस धुवायचं आहे हो ते!”

सगळ्या हसल्या. बाईचं तोंड लाललाल झालं. मग तिला रडू आलं आणि रडता रडता हसूही.

संध्याकाळी तुळईखाली पक्का खांब उभा राहिला. जाताना काका म्हणाले, “खरं सांगितलं असतं ना, तरी मी नाही म्हटलं नसतं. म्हणालो असतो, खाटेशेजारी नको, भिंतीलगत ठेवा, तीन तुळयांवर आडवी. खाली एक खांब द्या. आणि काठोकाठ भरू नका. एवढंच तर होतं.”

एवढंच! बाईला ते ऐकून सगळ्यात जास्त लाज वाटली.

आबांनी दोऱ्या नव्याने बांधल्या. काठ सरळ आला. लुगडं वेळेवर गेलं. ती चिठ्ठी बाईने फाडली नाही, आपल्या वहीत ठेवली.

पुढे महिनाभर पेटी भिंतीलगत रिकामीच होती. बाईने तिचं नावही काढलं नाही. मग एक दिवस आबाच म्हणाले, “रांजणात मासे कोंडलेत गं. आण पाणी.” आणि स्टुलावर चढून त्यांनी तुळईला हात लावला.

बाईने वरून विचारलं, “आबा, पहिली घागर. पाण्याची. ठेवू?”

“ठेव.”

“दुसरी. ठेवू?”

“ठेव.”

सोळाव्या घागरीला आबा म्हणाले, “पुरे.”

पेटी अजून अर्धीही झाली नव्हती. सतरावी घागर बाईच्या कमरेवर होती. ती तिने जिन्यावरून परत खाली नेली आणि अंगणातल्या तुळशीला घातली.

या गोष्टीतून शिकायचं ते हे, की आपलं ओझं ज्याच्या डोक्यावर राहणार आहे, त्याला ते पूर्ण सांगून मग विचारावं. अर्धं लपवून मिळवलेला होकार त्याने दिलेला नसतो, आपण चोरलेला असतो.