पोटदुखीवर खुर्ची

एकदा एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने आपल्या पोटाशी तह केला. पोटाने दुखायचे नाही आणि त्या बदल्यात व्यापाऱ्याने एकेक पदार्थ सोडायचा, असा तो तह. प्रथम मिरची सुटली. मग चिंच, लोणचे, तळण, चहा. पोटाने प्रत्येक त्याग निमूटपणे स्वीकारला आणि चार दिवसांनी पुन्हा हात पुढे केला. शेवटी पानात मऊ भात, दूध आणि उकडलेला दुधी एवढेच उरले. नवरा असा जेवत असताना आपण लसणीची फोडणी कशी घालावी, म्हणून त्याच्या पत्नीनेही तेच पत्करले. ज्यांचा मसाला सगळी पंचक्रोशी चवीने खात होती, त्यांच्याच घरात फोडणीचा वास येईनासा झाला. गिऱ्हाईक विचारी, "शेठ, यंदाचा मसाला कसा जमलाय?" आणि शेठ उत्तर देत, "लोक म्हणतात, चांगला आहे."

एवढे करूनही जळजळ काही गेली नाही.

त्या गावात एक वृद्ध डॉक्टर होते आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत होता. व्यापाऱ्यावर उपचार हा शिष्यच करी, आणि त्याने कसूर केली होती असे मुळीच नाही. जठराच्या आतल्या अस्तराला जखम होते, तिला लोक अल्सर म्हणतात, आणि पुष्कळदा तिच्यामागे एक चिवट जंतू असतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने तपासणी करवली. जंतू सापडला. औषधे मुदतभर देऊन त्याने तो घालवला आणि गेल्याची खात्रीही पुन्हा तपासून करून घेतली. पोटातले आम्ल कमी करणारी गोळी दिली, तेव्हा व्रण भरून आला. गोळी संपली आणि काही महिन्यांत, सणाला जावई यावा तसा, व्रण पुन्हा दारात हजर! असे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झाले.

मग एके दिवशी व्यापारी दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच भोवळ येऊन बसला. वृद्धांनी त्याची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली नव्हती.

"शेठजी, शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "कालपासून होतंय. पण असलं कुणाला सांगायचं, डॉक्टरसाहेब?"

"मला सांगायचं. दुसरं कशासाठी बसलोय मी इथं?" वृद्ध रागावले होते, पण त्यांचा हात व्यापाऱ्याच्या खांद्यावर होता. आतल्या आत रक्त वाहत होते. त्यांनी तत्काळ गाडी बोलावून त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात धाडले. तिथे पोटात दुर्बीण घालून रक्त थांबवले गेले आणि जीव वाचला. व्रणाजवळचा तुकडाही तपासला. जंतू नव्हता.

व्यापारी परत आला तो एक निश्चय करूनच.

"दुकान विकतोय," तो म्हणाला. "दिवसभर मिरचीची धूळ नाकातोंडात जाते, तीच हे करते. आजोबांची गादी आहे. पण गादीपायी जीव घालवायचा का?" एवढे बोलून तो उठून गेला.

 शिष्याला वाईट वाटत होते, आणि खरे सांगायचे तर त्याहून अधिक कुतूहल छळत होते. "सर, जंतू गेला. तिखट नाही, आंबट नाही, दारू नाही, तंबाखू नाही. मग यांच्या पोटात आम्ल इतकं येतं कुठून?"

"प्रश्न चांगला आहे, पण जरा वाकड्या जागी उभा राहून विचारतोयस," वृद्ध म्हणाले. "आम्ल तुझ्याही पोटात आहे, माझ्याही. आपल्या पोटाला ते का खात नाही, हे आधी विचार. चल, मला गोडा मसाला घ्यायचाय."

दोघे दुकानात गेले. मसाला केव्हाच बांधून झाला, तरी वृद्ध उठेनात. पावसापाण्याच्या गप्पा मारत बसले. शिष्याच्या लक्षात आले की, गुरुजींची नजर व्यापाऱ्याच्या पोटाकडे नाही, चेहऱ्याकडेही नाही. ती सारखी त्याच्या पायांवर जात होती. व्यापारी गादीवर मांडी घालून बसलेला होता. कुणी जुने गिऱ्हाईक आले की तो दोन्ही हात टेकून, ओठ दाबून उठे. मध्येच एकदा त्याने सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकले आणि वर पाणी प्यायला. शिष्य तेव्हा वेलदोड्यांकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी वृद्धांनी एक विलक्षण गोष्ट केली. दवाखान्यातली स्वतःची उंच, हातांची लाकडी खुर्ची हातगाडीवर चढवली आणि दुकानात पाठवून दिली. सोबत निरोप होता, 'पोटाचे औषध पाठवले आहे.'

तासाभरात व्यापारी दवाखान्यात आला. आजारी माणसाची थट्टा केलेली कुणाला आवडते? "डॉक्टरसाहेब, पोटाला खुर्ची?"

शिष्यालाही हेच विचारायचे होते. 

"तुमच्या खिशात काय आहे, शेठजी?"

व्यापाऱ्याने गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. अर्धी रिकामी होती.

शिष्य ती पाहून ओरडलाच. "शेठ! मी तुम्हाला दर वेळी विचारलं ना, दुसरं कुठलं औषध घेता का म्हणून?"

"घेतच नाही," व्यापारी भाबडेपणाने म्हणाला. "ही औषधाची नाही हो. ही गुडघ्याची. सकाळी गादीवर बसायच्या आधी एक घ्यायची, दुपारी एक. त्याशिवाय मांडी घालवत नाही. समोरच्या मेडिकलमधनं आणतो. बाजारात सगळेच घेतात."

शिष्य रागाने काही बोलणार होता, पण वृद्धांनी त्याला हाताने थांबवले.

"त्यांनी खोटं सांगितलं नाही. रोजची झालेली गोष्ट माणूस औषधात धरत नाही आणि अपायातही धरत नाही. ती त्याला दिसेनाशीच होते. आता ऐका, दोघेही. पितळेच्या पातेल्यात कढी केली तर काय होतं?"

"कल्हई असली तर काही नाही," व्यापारी म्हणाला. "कल्हई गेली असेल तर कळकते."

"मग दोष कढीचा का? कढी आंबट असणारच. तशीच पोटातली आंबटाईही असणार, तिच्यावाचून भाकरी जिरायची नाही. पोट आपल्या आतल्या अंगाला रोज स्वतःच कल्हई करत असतं. बुळबुळीत लेप असतो तो. दुखण्यावरची ही गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, तिला गुडघा आणि पोट वेगळं कळत नाही. गुडघ्याचं दुखणं थांबवता थांबवता ती पोटातल्या कल्हईवाल्यालाही घरी बसवते. मग लेप झिजतो आणि नेहमीचीच आंबटाई भांड्याला खाते. जंतूही तीच कल्हई खरवडत होता. तो आपण घालवला, पण खरवडणारे दोन होते. आणि तुम्ही, शेठजी, बिचाऱ्या मिरचीला फाशी दिलीत. झालेल्या जखमेवर ती झोंबते, हे खरं. पण ही जखम तिनं केलेली नाही."

व्यापारी पट्टीकडे पाहत राहिला. "मग गुडघ्याचं काय करू?"

"त्यासाठी पोटाला न बोचणारी दुसरी गोळी देतो, शेक आणि व्यायाम सांगतो. पण मूळ दुखणं मांडी घालण्यात आहे, म्हणून खुर्ची. पोटाची गोळी मात्र सांगेन तोवर घ्यायची. दुखायचं थांबलं म्हणजे जखम भरली असं नव्हे."

"आजोबा जन्मभर मांडी घालून बसले त्या गादीवर," व्यापारी हळूच म्हणाला. "तिथं मी खुर्ची टाकली तर बाजार काय म्हणेल?"

"शेठजी, परवा तुम्ही अख्खी गादी सोडायला निघाला होतात," वृद्ध म्हणाले. "आज नुसती मांडी सोडवत नाही?"

 जाताना ती पट्टी व्यापाऱ्याने टेबलावरच राहू दिली.

बाजाराने चार दिवस चेष्टा केली आणि सोडून दिले. व्यापारी खुर्चीत बसू लागला, सकाळी गादीला नमस्कार करून. औषध मुदतभर घेतले. पुढे पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा व्रण पुरता भरलेला होता. पोटाची गोळी थांबली, पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि व्रण फिरकला नाही. दुकान विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. शिष्यही आता रोग्याला 'औषध घेता का' असे विचारीत नसे. 'सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय टाकता, सगळं सांगा,' असे म्हणे, आणि उत्तर संपेपर्यंत लेखणी हातात धरीत नसे.

वर्ष निर्धास्त गेले तेव्हा कुठे व्यापाऱ्याने मिरचीची फाशी माफ केली आणि गुरुशिष्यांना जेवायला बोलावले. घरात लसणीच्या फोडणीचा वास भरला होता. घरच्या मसाल्याची आमटी वाढली गेली. व्यापाऱ्याने पहिला भुरका घेतला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. शिष्याने चटकन वर पाहिले. पुन्हा दुखू लागले की काय?

"अगं, यात धणे फार झालेत," व्यापारी म्हणाला. "दालचिनी तर लागतच नाही. हा आपला मसाला?"

"मागच्या तीन हंगामांपासून असाच आहे," पत्नी म्हणाली. "शेजारणी मला सांगतात ना."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही लोकांना विचारायचात, बरा आहे का? लोक म्हणायचे, बरा आहे." तिने त्याच्या पानात भात वाढला. "मला कधी विचारलंत?"

शिष्याला स्वतःचा जुना प्रश्न आठवला, 'दुसरं कुठलं औषध घेता का?' त्याने गुरुजींकडे पाहिले. वृद्ध डॉक्टर खाली मान घालून शांतपणे आमटी ओरपत होते. मग त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "वहिनी, धणे जास्त असले तरी चालतील. आणखी वाढा."