शिळा झालेला राजा आणि त्रिकोणविद्या

एका राज्यात शंखपाल नावाचा राजा होता. विकराक्ष मांत्रिकाच्या शापित सुवर्णाला त्याने हात लावला आणि सिंहासनावर बसल्या जागी तो शिळा झाला. नद्या आटल्या, गाई आटल्या. तेव्हा त्याची कन्या इंदुलेखा पितळी कोनयंत्र आणि दोराचे भेंडोळे घेऊन निघाली. त्रिकोणविद्या तिला आईने शिकवली होती.

वनात एक भारद्वाज पक्षी भेटला. तो म्हणाला, "राजकन्ये, मांत्रिकाच्या मनोऱ्यावर अमृतकुंभ आहे. वाटेत तीन ठिकाणी दोर लागेल. टोक मी पोचवीन, माप तुझे. आखूड पडला तर तो जळून जाईल. लांब झाला तर सर्प होऊन तुला डसेल."

प्रथम आला काचेचा कडा. इंदुलेखा मागे सरत गेली. माथा काटकोनाच्या निम्म्या कोनात दिसला, तेव्हा पायथ्यापासूनचे अंतर तिने मोजले, त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवली. तेवढीच कड्याची उंची होती. तेवढा दोर कापून ती कडा चढून गेली.

मग अग्निनदी. पैलतीरी एक खांब होता. त्याच्या अगदी समोरून ती काठाकाठाने चालली आणि खांब काठाशी साठ अंशांच्या कोनात येताच थांबली. चालली त्याच्या दुप्पट दोर तिने कापला. तो खांबाला नेमका पोचला आणि त्यावरून ती पार झाली.

शेवटी मनोरा. भोवती विषाचा खंदक. गवाक्षातून विकराक्ष म्हणाला, "पायथ्याशी कोणी पोचत नाही. मोजशील कशी?"

"पायथा मला नकोच," ती म्हणाली.

जमिनीला डोळा लावून तिने कळस साठ अंशांवर दिसेल ती जागा शोधली, तिथे खुंटी ठोकली. मग कळस तीस अंशांवर येईपर्यंत सरळ मागे गेली. ती, खुंटी आणि कळस या त्रिकोणाचे दोन कोन सारखे, म्हणून दोन बाजूही सारख्या. जेवढी मागे गेली, तेवढेच खुंटीपासून कळसाचे अंतर. तिने पुन्हा मोजले, मगच दोर कापला.

पक्षी उडाला. दोर ताठ बसला. ज्याचे माप लागले त्यावर मांत्रिकाची माया चालत नसे. विकराक्षाचा धूर झाला. इंदुलेखा दोरावरून वर चढली आणि अमृतकुंभ घेऊन घरी परतली.

अमृताचा थेंब पडताच राजाने डोळे उघडले. लेकीच्या तळहातांवर दोराचे वळ त्याला दिसले. ते हात त्याने आपल्या डोळ्यांना लावले. ते शापित सुवर्ण मनोऱ्याच्या विषारी खंदकात गेले. त्या दिवशी नद्यांना जसे पाणी आले, तसे ते सर्वांच्या दारी येवो.