भिंतीवरची टोपली

आपल्या खापरपणज्यांच्याही जन्माआधीची ही गोष्ट. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनी मागे बसून डुलक्या काढू नका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

समुद्राकाठी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक श्रीमंत नगर होतं. तिथली रीत अशी, की प्रत्येक घरात पाहुण्यांची एक खोली असायची आणि तिच्यात अंडी, अंजिरं, पाव यांनी भरलेली टोपली असायची. ओळखीचा असो की वाटसरू, आला की त्याने खुशाल खावं.

त्या नगरात एक व्यापारी राहायचा. पैसा चिक्कार, पण पाहुण्याने अंजीर उचललं की याच्या पोटात दुखायचं. एक दिवस त्याने चित्रकाराला बोलावलं.

"पाहुण्यांच्या खोलीत भिंतभर टोपली काढ. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

"आणि खरी टोपली कुठे ठेवायची, मालक?"

"खरी हवीय कशाला आता? खरी फळं नासतात. ही नासणार आहेत का?"

घ्या! आणि लोकांनी त्याला नावं ठेवली म्हणता? छे. बघायला रांगा लागल्या. "काय हौशी माणूस!" म्हणत लोक उपाशीपोटी घरी जायचे. मग तर हा चेकाळलाच. रोज भिंतीवर एखादं फळ वाढवून घ्यायचा. धुराने रंग काळवंडेल म्हणून चूल विझवली, चाकर काढून टाकले. ओल्या रंगावर धूळ नको म्हणून छपराचा झरोकाही बंद केला. स्वतः मात्र खाणावळीत जेवून यायचा.

एका सकाळी त्याची थोरली बहीण दारात आली. आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. डोंगरावरच्या तिच्या गावात धरणीकंप झाला, घर पडलं, नवरा त्याखाली गेला. बिचारी उपाशीच चालत आली होती.

"बाळा, काहीतरी खायला दे रे," ती म्हणाली.

त्याने तिला खोलीत नेऊन चित्र दाखवलं. "हात लावू नकोस हं, ताई. कोपऱ्यातला रंग अजून ओला आहे."

ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिने भावाकडे बघितलं. "छान आहे," म्हणाली आणि निघून गेली. त्याने आतून अडसर घातला. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

बंदरावर कोळ्यांनी तिला जेवू घातलं, होडीत जागाही दिली. इतक्यात डोंगराचा माथा फुटला आणि नगरावर तापलेली राख कोसळू लागली. लोक होड्यांकडे धावले, आणि ही वेडी होडीतून उतरून उलटी पळाली. भाऊ सगळं बंद करून बसलाय, त्याला बाहेरचं काही कळणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. "उघड रे! उघड!"

जाड दारातून आत एवढंच पोचलं. व्यापारी चित्रासमोर बसला होता. "आली परत मागायला," असं पुटपुटत त्याने कानांवर हात ठेवले.

राख तिच्या गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, तरी ती तिथून हलली नाही. शेवटी आवाज थांबला. त्याला हायसं वाटलं. थोड्या वेळाने छप्पर खाली आलं.

शेकडो वर्षांनी लोकांनी ते नगर खणून काढलं. भिंतीवरची टोपली जशीच्या तशी होती. तिच्यासमोर एका पुरुषाची हाडं सापडली, दाराबाहेर एका बाईची.

"किती मोठ्या मनाचा माणूस असेल हो! पाहुण्यांसाठी केवढा थाट!" खणणाऱ्यांतला म्होरक्या म्हणाला.

"आणि ही बाहेरची?"

"चोरी करायला आली असेल. अशा वेळी चोरांचंच फावतं."

तसंच त्यांनी पाटीवर लिहून ठेवलं. लोक अजून तिथे जातात, पाटी वाचतात आणि त्या व्यापाऱ्याला हात जोडतात.

बोध एवढाच: ज्याच्या दारातून माणूस उपाशी परततो, त्याच्या भिंतीवरच्या थाटाला जग भुललं तरी तुम्ही भुलू नका.