एकवीस हत्ती आणि भाताचं मूळ

एका राज्यात भाताचं रोप वीतभर वाढे आणि पिवळं पडे. मांत्रिक शुष्कनाथाने शाप दिला होता, ‘या भूमीत मूळ खाली जाणार नाही.’ शाप उतरावा म्हणून राजा वज्रबाहू दरवर्षी लावणीआधी ओल्या शेतांतून एकवीस हत्ती सात वेळा फिरवी. रोपं आणखी खुरटत, की राजा फेरे वाढवी. राजांना कोण अडवणार!

बारा वर्षं लोटली. कोठारात एकाच हंगामाचं बी उरलं. तेव्हा लावणी करणारी सगुणी दरबारात आली.

“महाराज, शाप मी उतरवते.”

“नाही उतरला तर?”

“तर पुढच्या वर्षी माझी लेकरंही उपाशी आणि तुमचीही.”

सगुणीने बांधावरच्या टिटवीला उपाय विचारला. टिटव्या त्या राज्यात बोलत असत. ती म्हणाली, “तीन कामं कर. मूळ बघ, भूमी बघ, मग राजाला खरं सांग.”

सगुणीने ढेकळासकट रोप काढून अलगद पाण्यात धुतलं. केसाएवढं पांढरं मूळ चार बोटं खाली गेलं होतं. तिथे कठीण थर लागला, तसं टोक जाड झालं, वळलं आणि आडवं वाट शोधत राहिलं. थांबलं मात्र नव्हतं. सगुणीचे डोळे भरून आले. “किती झगडलंस रे बाळा!” ती म्हणाली.

मग तिने हत्तींच्या वाटेवर काठी रोवली. चार बोटं शिरली आणि अडली. शेताच्या कोपऱ्यात, जिथे हत्तींना वळता येत नसे, तीच काठी कोपरभर आत गेली. तिथलं रोप गुडघ्याएवढं होतं.

तिसरं काम सर्वांत अवघड. तिने ते भर दरबारात केलं.

“महाराज, भूमी आपल्या हत्तींनी दाबलीय.”

राजा संतापला. त्याने शुष्कनाथाला बोलावलं. “सांग, शाप कोणाचा?”

“पहिल्या वर्षीचा माझा,” मांत्रिक म्हणाला. “माझा मंत्र तेवढाच टिकतो. पुढची अकरा वर्षं आपली, महाराज.”

राजाने मान खाली घातली. हत्तींच्या फेऱ्या त्याच दिवशी बंद झाल्या. उन्हाळ्यात भूमी पुरती सुकू दिली आणि पहारींनी तो थर खोलवर फोडला. पहिली पहार राजाने मारली.

पाऊस झाला, उरलेलं बी पेरलं, रोपं लावली. महिन्याभराने राजा शेतात उतरला आणि एक रोप धरून ओढू लागला. निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तसा हात निसटून तो चिखलात उताणा पडला. कोणी हसायला धजेना.

“निघत नाही, सगुणे!” राजा पडल्यापडल्याच ओरडला आणि पोट धरून हसू लागला.